सूर्यमित्र करू की खासगी क्लासला पैसे भरू?

आयटीआय इलेक्ट्रिशियन झालाय, बार्शीला राहतोस, आणि सोलर पॅनल बसवायला शिकवणारा सूर्यमित्रचा फुकट सरकारी कोर्स करू की पुण्यातल्या क्लासला पंचवीस हजार भरू असं विचारलंयस. भावा, पैसे ठेव खिशात. सोलापूर-धाराशिव साइडला रूफटॉपची, म्हणजे छतावर सोलर बसवायची कामं करतो, पोरं ठेवताना मी सर्टिफिकेट कुठल्या क्लासचं हे बघत नाही, हात बघतो.

सूर्यमित्र २०१५ पासूनचा, गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थानाचा. ६०० तासांचा म्हणजे साधारण तीन महिने, निवासी, राहणं-जेवण-शिकवणं सगळा खर्च केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा. दहावी अन् इलेक्ट्रिशियनचा आयटीआय म्हणजे तू बसतोस त्यात. बॅचेस मात्र वर्षभर सारख्या नसतात, निधी येईल तशा निघतात, त्यामुळे स्किल इंडियाच्या पोर्टलवर नजर ठेवावी लागते. आणि कुणी 'डिपॉझिट' नाहीतर 'किट'चे पैसे मागितले तर सरळ उठून ये, आमच्याकडच्या एका पोराकडून एका सेंटरने असेच उकळले होते आणि पावती मागितली तर उद्या ये.

आता खरी गोष्ट. सरकारी असलं तरी सेंटर-सेंटरमध्ये लई फरक असतो. अॅडमिशनच्या आधी जाऊन बघ, गच्चीवर खरं स्ट्रक्चर लावलंय का, मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) आहे का, आणि जुन्या पोरांना विचार की पॅनलच्या वायरी जोडायचे एमसीफोर कनेक्टर स्वतःच्या हाताने किती क्रिंप केले, म्हणजे टूलने दाबून वायरला बसवले. ह्याच्यावर एवढा जोर का देतोय, तर ५५० वॅटची दहा पॅनल सिरीजमध्ये लावली की ऊन असेपर्यंत जवळजवळ ५०० व्होल्ट डीसी तिथं बसलेला असतो, मेन बंद केला तरी. एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी तुटते, डीसी शून्यावर येतच नाही, एकदा आर्क, म्हणजे सलग ठिणगी, धरला की जळत राहतो. क्रिंपिंग टूल नाही म्हणून पक्कडीने दाबलेला कनेक्टर, किंवा एका कंपनीचा मेल आणि दुसऱ्या कंपनीचा फीमेल, आज चालतो, मे महिन्यात वितळतो. पॅनल न खोलता कनेक्टर हाताने ओढून बघायची सवय ज्या पोराला आहे त्याला मी त्याच दिवशी ठेवतो. अर्थिंगचंही तेच, डीसी, एसी आणि लाइटनिंग अरेस्टर (पडणारी वीज जमिनीत नेणारा) तिन्हीला वेगळे खड्डे, हे वहीत सगळ्यांच्या असतं, हातात असायला हवं.

काम मिळेल का विचारलंस. २०२४ च्या पीएम सूर्यघर ह्या केंद्राच्या घरगुती रूफटॉप योजनेत एक कोटी घरांचं टार्गेट आहे, तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, शिवाय आपल्याकडे 'मागेल त्याला सौर कृषी पंप', ज्यात शेतकऱ्याला जास्तीत जास्त १० टक्केच भरायचे. त्यामुळे काम आहे, पगार सुरुवातीला फार नाही हे पण खरं. पंपाची कामं गावोगाव उन्हात फिरायची, रूफटॉपमध्ये पैसे जरा बरे पण हार्नेस (उंचीवरचा सेफ्टी पट्टा) घालायला लाजणाऱ्यांनी येऊ नये. आणि सूर्यमित्र झालं म्हणजे वायरमन परमिट मिळालं असं समजू नकोस, तो विद्युत निरीक्षकांच्या खात्याचा वेगळा कागद, आयटीआयवर अर्ज करून ठेव आत्ताच, पुढे स्वतःची कामं घ्यायची असली तर लागतोच.

ताई बीई इलेक्ट्रिकल आहे म्हणालास, तिला हे नको. तिने बीईईची, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची, एनर्जी ऑडिटरची (कारखान्यात ऊर्जा कुठं वाया जाते ते तपासणाऱ्याची) परीक्षा बघावी, डिग्रीनंतर तीन वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, चार पेपर असतात, एनर्जी मॅनेजरच्या परीक्षेला तीनच. ही काही फुकट ट्रेनिंगची स्कीम नाही, फी भरावी लागते, पण बीईईची चारही गाइडबुक्स नेटवर फुकट मिळतात आणि अभ्यास त्यातूनच होतो. बॉयलर, कॉम्प्रेसर ही थर्मलची बाजू इलेक्ट्रिकलवाल्यांना जड जाते, तिथून सुरू कर म्हणावं, क्लासचं नंतर बघू.