बोंबील इतके बारीक का मिळतात? मासे टिकावेत म्हणून मुंबईचे कोळी काही करतात का?

दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय समुद्रात जायचं नाही, ही रीत वरळी, मढ, वेसाव्याच्या कोळीवाड्यांत कायद्याच्या कितीतरी आधीची. राज्याचा मासेमारी कायदा १९८१ चा. केंद्राच्या नियमाने यांत्रिक नौकांना बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. नारळी पौर्णिमा बहुतेक ऑगस्टात येते. म्हणजे नियमच रितीपेक्षा तोकडा.

आता बोंबील. तो येतो डोल जाळ्यात. खुंटांना बांधलेलं, तोंड प्रवाहाकडे असलेलं नरसाळ्यासारखं जाळं. उधाणाला पाण्याला ओढ असते तेव्हा भरतं, भांगाला, म्हणजे ओढ कमी असते तेव्हा, हात हलवत यायचं. जाळ्याच्या शेपटीला खोला, म्हणजे मासे साठतात ती पिशवी, आणि सगळा घोळ तिथे. खोल्याचा आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीकच ठेवतात, कारण त्याच पाण्यात जवळा असतो आणि जवळा निसटला तर खर्च निघत नाही. बरं, आस थोडा मोठा केला तरी माल भरल्यावर ताणाने तिरपी भोकं मिटतात. बोटभर पिल्लू आतच राहतं. चौकोनी आस ताणावरही उघडा राहतो. खोला वेगळा बांधलेला असतो, म्हणून दोन ठेवावेत: जवळ्याला बारीक, आणि जाळ्यात बोंबलाची पिल्लं दिसू लागली की चौकोनी.

२०२३ मध्ये राज्याने ५४ जातींची किमान लांबी ठरवली. बोंबील १८० मिमी, सिल्व्हर पापलेट १३५. पण धक्क्यावर पट्टी लावून काय होणार? बोंबील अंगाने मऊ, खोल्यात दबून वर येईतो मेलेला असतो. परत टाकलात तर कावळ्यांची सोय.

‘डोलच बंद करा’ म्हणणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. डोल एका जागी उभी असते, ट्रॉलरसारखी तळ खरवडत फिरत नाही. एलईडी दिवे लावून मासे धरण्यावर २०१७ पासून बंदी आहे, आधी ती नीट पाळायला लावा. खाडीत सोडलेलं सांडपाणी आणि तोडलेली तिवरं हाही हिशेब आहेच, तो कोळ्यांच्या नावावर लिहू नका.

मात्र चौकोनी खोल्याने करंदी आणि बारीक कोळंबी निसटते, हे खरं. ते नुकसान कोण भरून देणार हे आधी ठरवा. तोवर कोणी तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, तो खोला बांधणार नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही.