दहा वर्षं, पण कशाची?

प्रश्न : काका, अलिबागला आमचं १९८८ साली बांधलेलं घर आहे. लाकडी खिडक्या पावसाळ्यात फुगतात, दोन चौकटींना वाळवी लागली आहे. सात खिडक्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, करायचं ठरवलंय. एका कोटेशनवर '१० वर्षं वॉरंटी' आहे, दुसऱ्यावर 'लाइफटाइम'. दुसरं ३८ हजारांनी महाग आहे. समुद्र घरापासून पाच मिनिटांवर. जास्तीचे पैसे द्यावेत का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : ताई, दोघांनाही फोन करून आधी एवढंच विचारा : वॉरंटी कशाची? मी रत्नागिरीत २६ वर्षं खिडक्यांचं वर्कशॉप चालवलं. या प्रश्नावर मीही पुष्कळदा घसा खाकरून वेळ काढलाय.

कंपनी फक्त प्रोफाइलचे, म्हणजे ज्यांची चौकट बनते ते, लांब बार पाठवते. ते कापून, आत पोलादी पट्टी घालून, कोपरे वितळवून जोडतो तो फॅब्रिकेटर. रोलर, लॉक, बिजागऱ्या हे हार्डवेअर तिसऱ्याचं, काच चौथ्याची. ठळक छापलेली १० वर्षं बहुतेक वेळा नुसत्या प्रोफाइलची असतात. ती पिवळी पडणार नाही, वाकणार नाही. चांगली प्रोफाइल तशीही टिकते हो! बिघडतं ते बाकीचं, आणि त्याची मुदत खाली बारीक अक्षरांत, बरीच कमी.

तुमच्याकडे पहिला मार हार्डवेअर खाणार. खारा वारा साध्या स्क्रूला सोडत नाही. 'समुद्राजवळच्या हवेमुळे आलेला गंज वगळून' अशी अट असली, तर तुमच्या घरापुरती ती वॉरंटी नसल्यातच जमा. खाऱ्या हवेत गंजाला जास्त तोंड देणाऱ्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचा भाव वेगळा मागा.

आता गळती. खाडीकाठच्या एका घरी मी पाच खिडक्या बसवल्या होत्या. जुलैत चौकट आणि भिंत यांच्या फटीतून पाणी थेट गादीवर. गृहस्थ कंपनीचा १० वर्षांचा कागद घेऊन वर्कशॉपात हजर. कागद प्रोफाइलचा, गळत होतं फट बुजवणाऱ्या सिलिकॉनमधून. माझ्या पोरांनी ओलसर, धूळ न पुसलेल्या भिंतीवर ते मारलं होतं. कागदाप्रमाणे मी हात वर करू शकलो असतो. केले नाहीत, पण प्रत्येक जण येईलच असं नाही. म्हणून 'बसवणीतून गळती झाल्यास तीन पावसाळे विनामूल्य दुरुस्ती, येण्याजाण्याचा खर्च आमचा' हे फॅब्रिकेटरच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी घ्या. जुन्या चौकटी काढणार की त्यांतच नवी बसवणार, तेही त्यात यायला हवं. वाळवीच्या चौकटीत बसवलेली खिडकी हलली, तर दोष जुन्या लाकडावर जातो.

टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच क्वचित कुणी हात न लावताही फुटते. ती बहुतेक वॉरंट्यांत नसते. त्यावर भांडण्यात वेळ घालवू नका.

राहिलं लाइफटाइम. कोणाचं? तुमचं, खिडकीचं, की दुकानाचं? माझं दुकान २०१९ मध्ये बंद झालं, मी दिलेले कागद अजून लोकांच्या कपाटांत असतील. त्या एका शब्दासाठी ३८ हजार देऊ नका. हार्डवेअर आणि गळती दोन्ही लिहून देत असेल, तर मात्र मी दिले असते. बिल पक्कंच घ्या. जीएसटी वाचवायला कच्च्या कागदावर काम केलंत, तर उद्या ग्राहक आयोगात दाखवायला हाती काही उरणार नाही.

आणि काम दिवाळीनंतर काढा. भिंत कोरडी असली की सिलिकॉन नीट धरतं.