हातात किती आले?

काकाजींची हिशोबवही : वाचकांचे प्रश्न

काकाजी, नमस्कार. मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात बचत गटांचे हिशोब लिहिते. जुलैत, ऐन निंदणाच्या दिवसांत, एका बँकेनं आमच्याकडे वित्तीय साक्षरतेचा कार्यक्रम घेतला. साहेबांनी बचतीचं महत्त्व सांगितलं, पत्रकं वाटली, फोटो काढले. पुढच्या पंधरा दिवसांत त्यातल्याच चौघींनी प्रायव्हेट मायक्रोफायनान्सचं आणखी एक कर्ज उचललं. आता गटाच्या बैठकीत अर्धा तास मला दिला आहे. बायांना सांगू काय?
– एक वाचक, जि. यवतमाळ

ताई, ‘बचत करा’ एवढं मात्र सांगू नका. निंदणाच्या मजुरीत घर चालवून पोरांची फी भरणाऱ्या बाईला काटकसर काय शिकवता? ग्रामीण शाखेला महिन्याला असा एक कार्यक्रम घ्यावाच लागतो, आणि घेणाऱ्याचं अर्धं लक्ष सह्यांच्या रजिस्टरकडे असतं. मी त्या खुर्चीत बसलेला माणूस आहे, म्हणून सांगतो.

तुम्ही एकच करा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीला आपापलं कर्जाचं कार्ड आणायला लावा, आणि विचारा : कागदावर किती, हातात किती आले, एकूण फेडायचे किती?

समजा ३०,००० चं कर्ज, महिन्याला २,८०० चा हप्ता, बारा हप्ते. फेड ३३,६००, म्हणजे व्याज ३,६००. वसुलीवाला म्हणतो, ‘शेकडा एक रुपया, बारा टक्के, सोसायटीपेक्षा थोडंच जास्त.’ पण बाई दर महिन्याला मुद्दलही फेडते आहे ना? शेवटच्या महिन्यात तिच्याकडे जेमतेम अडीच-पावणेतीन हजार उरलेले असतात आणि व्याज लागतं पूर्ण तीस हजारांवर. बँकेच्या, म्हणजे घटत्या शिलकीच्या पद्धतीनं (उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरलं तर) हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. त्यातून प्रोसेसिंग आणि विम्याचे ९०० आधीच कापले, हातात २९,१०० आले, की दर सत्तावीसच्या वर. हे फळ्यावर मांडा. दर काढण्याचं गणित कोणी विचारलं तर सोडून द्या, ते कॅल्क्युलेटरचं काम आहे.

वर्षाचा खरा दर कंपनीनंच लिहून द्यायचा असतो. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. घराचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल, तर बिनतारण कर्ज या नियमांत येतं. सगळा खर्च धरून येणारा वार्षिक दर माहितीपत्रकात छापलेला हवा, आणि कर्जकार्ड बाईला समजेल त्या भाषेत. विमा तिच्या संमतीशिवाय गळ्यात मारता येत नाही. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. (कापसाचं उत्पन्न ‘मासिक’ कसं मोजायचं, हे मात्र नियम करणाऱ्यानं आमच्या वावरात येऊन दाखवावं.) वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर येता येत नाही.

बायांना ठाऊक नसलेली आणि सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच आहे. हे कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही. कापसाचा चुकारा हाती आला की आधी सर्वांत महागड्या कर्जाचं खातं बंद करायचं, मग बाकीचं.

वेळही तुम्हीच ठरवा. जुलैत शिकवलेलं दिवाळीपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही. कर्ज उचलायच्या आधी मे महिन्यात एक बैठक, चुकारे येऊ लागले की दुसरी. आणि थोडंच सांगा. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या धंदेवाल्यांवर झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना रीतसर हिशोबशास्त्र शिकवलं, काहींना ‘घरचे पैसे वेगळे, धंद्याचे वेगळे’ असे ढोबळ नियम. वह्या सुधारल्या त्या ढोबळ नियमवाल्यांच्या.

एखादीच्या घरी सोसायटीचं पीककर्ज असेल तर तेही विचारून घ्या. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत, म्हणजे आपल्याकडे बहुतेक ३१ मार्चच्या आत फेडलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीनंतर पुष्कळ कास्तकार पुढच्या घोषणेची वाट पाहत थांबतात. त्यांना मी नावं ठेवत नाही, पण थांबण्याची किंमत त्यांनी आधी मांडून पाहावी.

काकाजी, तूर-कापसाचे चार लाख आले. पतसंस्था बँकेपेक्षा जास्त व्याज देते. एजंट म्हणते, ठेवीला सरकारी विमा असतोच. काहून नाही ठेवायचे?
– एक कास्तकार, आर्वी, जि. वर्धा

भाऊ, तो विमा पतसंस्थेला नाही. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण बँकांच्या ठेवींना आहे, त्यात सहकारी बँकाही येतात. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतल्या एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाखांपर्यंत. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, पण तिच्या ठेवीला हे छत्र नाही. सगळ्याच पतसंस्था वाईट आहेत असं मी म्हणत नाही. चांगल्या चालवणारे लोक मी पाहिले आहेत. पण मुलीच्या लग्नाचे किंवा पुढच्या पेरणीचे पैसे तिथं नको. आणि एजंटला म्हणा, विम्याचं लेखी दे.

दरवर्षी मे-जूनमध्ये खात्यातून ४३६ आणि २० रुपये कापले जातात. कोणी विचारत नाही.
– एक वाचक, दर्यापूर

फॉर्मवर कधीतरी सही झालेली असणार. ४३६ चा जीवनज्योती विमा कोणत्याही कारणानं मृत्यू आला तर दोन लाख देतो, २० चा सुरक्षा विमा अपघाताचा. वर्ष १ जून ते ३१ मे. स्वस्त आहेत, सहसा बंद करू नका. सहीच केली नसेल तर शाखेत लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर १४४४८ वर फोन करून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे कसं जायचं ते विचारा. त्याला फी नाही. आणि वारसाचं नाव बरोबर लागलं आहे का, ते आजच पाहा. कित्येकांच्या खात्यावर अजून वारलेल्या वडिलांचंच नाव असतं.