वडिलांच्या निवृत्तीचे 35 लाख गावातल्या पतसंस्थेत ठेवावेत का?

वडील 58व्या वर्षी निवृत्त होतायत, पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 35 लाख येणार आणि गावची पतसंस्था 10 टक्के व्याज देतेय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत स्पष्ट आहे: तिथे एक लाखसुद्धा ठेवू नका.

मी पोस्टात बचतीच्या काउंटरवर नोकरी केली. निवृत्त माणूस व्याजाचा दर आधी विचारतो. संस्था बुडाली तर पैसे कोण देणार, हे क्वचितच कुणी विचारतं. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका खातेदाराला एका बँकेमागे व्याजासकट 5 लाखांपर्यंत भरपाई देतं. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते, आणि ती तर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची बँक होती.

30 लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. कमाल मर्यादाच तेवढी आहे. वयाची अट 60 असली तरी 55 ते 60 मधल्या निवृत्तांना सवलत आहे. मात्र निवृत्तीची रक्कम हातात पडल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं, तेव्हा 'बघू नंतर' म्हणत बसू नका. एप्रिल 2023 मध्ये दर 8.2 टक्के झाला. त्या दराने दर तिमाहीला 61,500 रुपये येतात. उघडताना चालू दर विचारून घ्या, पुढची पाच वर्षं तोच राहतो. मागे सरकार आहे, म्हणून पतसंस्थेचे ते वरचे 1.8 टक्के मी खुशाल सोडून देईन.

उरलेल्या पाचातले दोन लाख दवाखान्यासाठी बँकेत एफडी करून ठेवा. तीन लाख इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकातल्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, दहा वर्षं हात लावायचा नाही या बोलीवर. हे शेअर बाजाराचे पैसे आहेत, खाली-वर होणारच. तरी हवेत, कारण महागाई 6 टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो आणि व्याजाचे 61,500 जागचे हलत नाहीत. त्यामुळे व्याजही सगळं खर्चू नये. पेन्शनमध्ये घर चालत असेल तर थोडं मागे टाकत जा.

'एफडीसारखंच आहे' म्हणत कुणी विमा पॉलिसी पुढे केली तर सही करू नका. प्रत्येक खात्यावर आईचं नाव नॉमिनी म्हणून लावा आणि पासबुकं कुठल्या कपाटात आहेत ते तिला दाखवून ठेवा.

खरी अडचण बहुधा वेगळीच असेल. पतसंस्थेचे चेअरमन वडिलांच्या रोजच्या उठण्याबसण्यातले असतात, त्यांना तोंडावर नाही म्हणणं जड जातं. म्हणून रक्कम जमा होताच त्याच आठवड्यात पोस्टात चला. मग वडिलांनी चेअरमनना एवढंच सांगायचं, 'पैसे पाच वर्षांसाठी अडकवलेत, आता हातात काही नाही.'