मुंबईहून पुण्यात राहायला आलो आहोत. थंडीसाठी कोणता हीटर घ्यावा?

आपण लिहिले आहे की वारज्यात तळमजल्यावर घर घेतले आहे, सोबत पंच्याहत्तरीच्या सासूबाई आहेत आणि डिसेंबरच्या आत हीटर घ्यायचा आहे. माझे मत विचाराल तर हीटर सर्वांत शेवटी बघावा. त्याआधी घराची थोडी डागडुजी केली तर कदाचित तो लागणारही नाही.

पुण्याची थंडी ही मुख्यतः रात्रीची थंडी आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २८-३० अंशांपर्यंत चढतो, पण आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्यामुळे सूर्य मावळताच जमीन भराभर निवते आणि पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. १७ जानेवारी १९३५ रोजी तर येथे १.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. थंड हवा जड असल्याने सखल भागात साचते. म्हणूनच पाषाणसारख्या भागात पहाटेचा पारा मगरपट्ट्यापेक्षा कित्येक अंशांनी खाली असतो, आणि नदीजवळच्या तळमजल्यावर गारठा अधिक जाणवतो.

तेव्हा दुपारची ऊब घरात घेणे आणि ती रात्रभर टिकवणे, एवढेच काम आपल्याला करायचे आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरेच आतपर्यंत येते. त्या खिडकीचे पडदे दिवसभर उघडे ठेवावेत आणि दिवेलागणीच्या आधी खिडक्या लावून जाड पडदे ओढून घ्यावेत. पश्चिमेला खिडकी असेल तर ती मात्र उन्हे उतरेपर्यंत उघडी राहू द्यावी.

सरकत्या खिडक्या हे आपल्याकडच्या सदनिकांचे खरे दुखणे आहे. दोन तावदाने जिथे एकमेकांवर येतात, तिथे चौकटीत एक केसाळ पट्टी बसवलेली असते. काही वर्षांत ती झिजून चपटी होते आणि फटीतून वारा आत येऊ लागतो. रात्री पंखा बंद करून पेटती उदबत्ती खिडकीच्या कडेने फिरवावी. धूर जिथे आत वळेल तिथे फट आहे असे समजावे. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचे काम करणारा कारागीर ही पट्टी बदलून देतो. खालच्या पन्हळीत पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली भोके मात्र बुजवू नयेत.

याच्या नेमके उलट, स्नानगृहातील आणि स्वयंपाकघरातील झरोके कितीही गारठा असला तरी बंद करू नयेत. हे मी कळकळीने सांगतो आहे. गॅसगिझर बंद स्नानगृहात चालू राहिला की तिथला प्राणवायू कमी होतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग ना वास. माणसाला गुंगी येते आणि कडी उघडण्याचेही भान राहत नाही. असा गिझर असेल तर तो बाहेर मोकळ्या हवेत, गॅलरीत बसवून घ्यावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा. कोळशाची शेगडी निजण्याच्या खोलीत ठेवण्याची जुनी सवयही याच कारणाने जिवावर बेतू शकते.

पायाखालची फरशी ही वृद्धांच्या दृष्टीने दुसरी मोठी अडचण. सासूबाईंच्या पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत जाड सतरंजी अंथरावी, पण तिच्या कडा दुमडणार नाहीत आणि ती सरकणार नाही याची खात्री करावी, कारण रात्री झोपेच्या भरात अडखळणे थंडीपेक्षा महागात पडते. गोधड्या आणि रजया ऑक्टोबरच्या उन्हातच दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळवाव्यात. उन्हाने कापूस पुन्हा फुलतो आणि एकाच पांघरुणात भागते. सकाळचे फिरणे मात्र ऊन वर आल्यावर ठेवावे, विशेषतः रक्तदाबाचा त्रास असेल तर.

एवढे करूनही खोली गार वाटली, तर तेल भरलेला, उघडी तार नसलेला हीटर घ्यावा आणि निजण्यापूर्वी तासभर लावून बंद करावा. दोन हजार वॉटचा हीटर पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला दोन युनिट वीज खातो. तो सोळा अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावावा, एक्स्टेंशन बोर्डवर कधीही नाही.