हाउसिंग (ॲक्सलचं कवच) उघडण्याआधी : लिफ्ट केलेल्या गाडीच्या मागच्या ॲक्सलबद्दल प्रश्नोत्तरे

प्रश्न : गाडी 3 इंच उंच करणारी लिफ्ट किट बसवली, 33 इंची टायर टाकले. 70 च्या पुढे गेलं की सीटखाली बारीक, दाट थरथर सुरू होते. टायर दोनदा बॅलन्स करून झाले. आता काय बघू?

उत्तर : टायर आता सोडा. 33 इंची टायर ताशी 80 किलोमीटरला सेकंदाला साधारण 8.5 फेऱ्या घेतो. क्राउन-पिनियनचा (ॲक्सलमधल्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीचा) रेशो 4.1 असेल तर तेवढ्यात प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाचा जोर ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या लांब दांड्याच्या, 35 फेऱ्या होतात. टायरचा दोष असला की गाडी डुगडुगते. शाफ्टचा दोष गुणगुणतो. तुम्ही जे लिहिलंय ते शाफ्टचं लक्षण आहे.

चेसिस वर गेली, ॲक्सल तिथेच राहिला, त्यामुळे शाफ्टचा तिरकेपणा वाढला. शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा म्हणजे क्रॉस. तिरका क्रॉस एकसारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाच्या क्रॉसने नेमकं उलट केलं तरच हिशेब फिटतो. त्यासाठी शाफ्टला दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस असेल, तर ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीचा) आउटपुट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत, म्हणजे दोन्ही क्रॉसचे कोन सारखे येतात. ट्रान्स्फर केसच्या बाजूला डबल क्रॉसचा जॉइंट असेल तर नियमच बदलतो : पिनियनचं नाक शाफ्टच्या रेषेत हवं. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत ते 1–2 अंश खाली ठेवतात, कारण जोर लागला की ते वर उचललं जातं. एका शाफ्टचा नियम दुसऱ्याला लावून बसलेल्या गाड्या मी इतक्या पाहिल्यात की हल्ली आधी शाफ्टच बघतो, मालकाचं नंतर ऐकतो.

कोन मोजताना गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर चाकं लोंबकळत असताना घेतलेलं माप फुकट. आउटपुट, शाफ्ट, पिनियन अशी तीन मापं लिहून काढा. दुरुस्ती पाट्यांच्या गाडीत पाचरीसारख्या शिमने होते, कॉइलच्या गाडीत ॲडजस्टेबल आर्मने. ट्रान्स्फर केस खाली घेणारे स्पेसरही मिळतात, पण उंचीसाठीच लिफ्ट केली असेल तर पोटाखालची जागा परत घालवण्यात मला अर्थ वाटत नाही. आणि किट बसवताना शाफ्ट मधून सुटा केला होता का, विचारा. स्प्लाइनमध्ये (दोन भाग एकमेकांत सरकतात त्या खाचांमध्ये) दात चुकवून जोडला तर दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत राहत नाहीत, मग कोन बरोबर असूनही थरथर जात नाही.

प्रश्न : ॲक्सिलरेटर दाबला की मागून कण्हल्यासारखा आवाज येतो, पाय काढला की बंद. मेकॅनिक म्हणतो क्राउन-पिनियनचा सेट बदला.

उत्तर : बदलावा लागेलही, पण लगेच नाही. दाब दिल्या-सोडल्यावर बदलणारा आवाज बहुधा दात्यांचा किंवा पिनियन बेअरिंगचा असतो. दाबाशी देणंघेणं नसलेला, पण गाडी हळूच डावी-उजवी झुलवली की कमीजास्त होणारा आवाज चाकाच्या बेअरिंगचा. आणि रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलणारा आवाज जाड नक्षीच्या टायरचा. हे तिसरं मी एकदा विसरलो आणि अख्खा डिफरन्शियल खाली काढला. आत सगळं ठणठणीत होतं.

आधी ऑइल काढून ड्रेन प्लगचं चुंबक पाहा. त्यावर करडा, मऊ लेप असणं स्वाभाविक आहे. चकत्या किंवा तुकडे असणं मात्र स्वाभाविक नाही. मग शाफ्ट सोडून पिनियनचा फ्लँज हाताने वर-खाली हलवा. तिथे अजिबात खेळ नको. फिरवताना थोडा खेळ लागतो, तो दात्यांमधला. बऱ्याच ॲक्सलमध्ये 0.13 ते 0.20 मिलिमीटरच्या आसपास. नेमका आकडा तुमच्या ॲक्सलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. मोठ्या टायरसाठी रेशो बदलल्यावर आवाज सुरू झाला असेल, तर माझा संशय सेटवर नाही, बसवणीवर. दात्यांना मार्किंग पेस्ट लावून ते एकमेकांवर कुठे टेकतात त्याचा ठसा दाखवायला सांगा. ठसा न दाखवता जो सेट बदला म्हणतो, त्याला गाडी देऊ नका.

प्रश्न : पाट्यांच्या गाडीत ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ब्लॉक (ठोकळे) टाकून उंची वाढवली. रिव्हर्समधून पुढे घेताना मागे ‘ठक्’ होतं, चढावर चाकं उड्या मारतात.

उत्तर : ब्लॉकमुळे ॲक्सल पाट्यांपासून लांब गेला, त्याला पिळायला जास्त तरफ मिळाली. पाटे इंग्रजी ‘एस’सारखे वळतात, पिनियन वर उठतो, सुटतो, पुन्हा उठतो, उड्या त्याच्याच. आधी पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट तपासा. किट बसवल्यावर काहीशे किलोमीटरनी ते पुन्हा कसायचे असतात आणि हे बहुतेक सगळे विसरतात. जुनेच यू-बोल्ट परत वापरले असतील तर बदला, ते ताणलेले असतात. मग क्रॉस पाहा : कपाभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपलंय. सगळं घट्ट असूनही उड्या राहिल्या, तर ब्लॉक काढून लिफ्टचेच पाटे घाला, किंवा ट्रॅक्शन बार (ॲक्सलला पिळू न देणारा दांडा). ब्लॉकवर ब्लॉक रचले असतील, तर ते आजच काढा.

प्रश्न : ओढा पार केल्यावर डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ झालं. सील नवीनच आहेत.

उत्तर : ब्रीदरची (ॲक्सलच्या आत हवा येऊ-जाऊ देणारी) नळी बघा. लिफ्टनंतर ती आखूड पडते, ताणून निसटते किंवा दुमडून बंद होते. तापलेला ॲक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि नळी बंद असेल तर सीलमधून पाणी ओढते. नळी लांब करून वर बॉडीपर्यंत न्या आणि ऑइल लगेच बदला. तसंच चालवलंत तर बेअरिंग गंजतील.

प्रश्न : लिफ्टनंतर मागचं एक चाक फेंडरबाहेर जास्त दिसतं. ॲक्सल वाकला का?

उत्तर : कॉइलची गाडी असेल तर बहुतेक नाही. पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला चेसिसशी आडवा बांधणारा दांडा) आता जास्त तिरका झाला आणि त्याने ॲक्सल चेसिसवरच्या आपल्या टोकाकडे ओढला. 900 मिलिमीटरचा रॉड आधी 50 मिलिमीटर उतरता असेल आणि आता 125, तर ॲक्सल साधारण 7 मिलिमीटर सरकतो. एवढाच फरक दिसत असेल तर ॲडजस्टेबल रॉड घ्या. फरक बराच जास्त असेल, किंवा एकाच चाकाचा टायर आतून झिजत असेल, तर मात्र हाउसिंग सरळ आहे का ते मोजून घ्या.