डॉ. दत्ता सामंत, गिरणी संप आणि खासदारकी: वाचकांचे प्रश्न

कामगार नेते डॉ. सामंत काँग्रेसचे खासदार होते का?
नाही. 1984 मध्ये ते मुंबई दक्षिण मध्यमधून अपक्ष निवडून आले. त्याआधी ते काँग्रेसचे आमदार होते, म्हणून हा घोळ होतो.

मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप मागे कधी घेतला?
18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. रीतसर मागे कधीच घेतला नाही.

अडीच लाख कामगार पाठीशी, पुढे खासदारकीही. मग करार का झाला नाही? सगळे म्हणतात, डॉक्टरांचा हट्ट नडला.
हे ऐकीव उत्तर आता पुरे. कायदा वाचा. गिरण्यांना मुंबई औद्योगिक संबंध कायदा, 1946 लागू होता. त्यात अख्ख्या शहराचा कापड उद्योग एकच क्षेत्र धरलेला, त्यामुळे एखाद्या गिरणीतले सगळे कामगार तुमचे असले तरी उपयोग शून्य. शहरभरातले 25 टक्के कामगार ज्या युनियनच्या नोंदीत सभासद, ती प्रातिनिधिक; वाटाघाटीचा हक्क तिचाच आणि तिचा करार सगळ्यांना बंधनकारक. तो दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्या युनियनकडे होता. गेटवर गर्दी सामंतांची, नोंदवहीत नाव संघाचं! खासदारकीनेही हे सुटणार नव्हतं, कारण कायदा राज्याचा. तो बदलायचा नेहमीचा मार्ग विधिमंडळाचा; संसदेलाही अधिकार होता, पण एकट्या अपक्ष खासदाराच्या हातात ते नव्हतं.

आजही युनियन इथेच मार खातात. सभासद तोंडी मोजतात, पावत्यांवर तारीख नाही, वर्गणी थकलेली. युनियनच्या मान्यतेबद्दलच्या 1971 च्या महाराष्ट्र कायद्यात मान्यतेला सलग सहा महिने 30 टक्के सभासद लागत, आणि त्या सहांत तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकवणारा सभासदच धरला जात नसे. 2020 च्या केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून जास्त युनियन असताना एकट्याने वाटाघाटी करायच्या तर 51 टक्के लागतात. तेव्हा पावतीपुस्तक दर महिन्याला तपासा, आणि संपाची नोटीस देण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. नोटीस दिल्यावर धावाधाव करून काही होत नाही.

आमचे अध्यक्ष खासदार झाले तर युनियन सोडावी लागेल?
खासदार म्हणून नाही. मंत्री झाले तर पद सोडावं लागेल. ट्रेड युनियन कायद्यातल्या 2001 च्या दुरुस्तीने तशी बंदी घातली. तरी युनियनची घटना वकिलाकडून तपासून घ्या.

वडील गिरणीत होते. एजंट पैसे घेऊन गिरणी कामगारांसाठीचं म्हाडाचं घर नक्की देतो म्हणतो.
एक रुपयाही देऊ नका. वाटप सोडतीने होतं, 'नक्की' कुणीच देऊ शकत नाही. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर वडील कामावर होते याचा पुरावा शोधा: गिरणीचा पास, ईएसआय कार्ड, भविष्य निर्वाह निधीचे कागद. वडील हयात नसतील तर वारसाचे कागद कोणते लागतील, हे थेट म्हाडाच्या कार्यालयात विचारा.